घरपोच सभा

एप्रिल लागला की माझ्या उजव्या हाताचा अंगठा ठणकायला लागतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी म्हणते, वय पायांचंही झालं, मग ते का नाही कॅलेंडर बघून दुखत? एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि दर उन्हाळ्यात लाल पेन धरून उत्तरपत्रिका तपासल्या, त्याची ही पेन्शन. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण अंगठ्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. कराडजवळच्या मलकापूरच्या आमच्या गल्लीतून सकाळी पोरंपोरी परीक्षेला निघतात. हातात पारदर्शक पाऊच असतं, तोंडानं पुटपुटणं चालू असतं, आणि इकडे माझा अंगठा सुरू होतो.

यंदा त्यात दिलीपच्या फोनची भर पडली. दिलीप माझा जुना विद्यार्थी. बी. ए. झाला, नोकरीची वाट बघून कंटाळला आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीन टाकून बसला. पंपांचे सुटे भाग करतो. ते तीन-चार हातांतून फिरत अमेरिकेला जातात.

"मॅडम, तुमी आमाला फसवलं," त्यानं नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली.

"का रे बाबा?"

"तुमी सांगितलेलं, अमेरिकेत कर बसवायचा अधिकार काँग्रेसचा. मी परीक्षेत तसंच लिवलंय, मार्क पण पडलेत. आन् तिकडच्या अध्यक्षानं एकट्यानं सही केली, आमच्या मालावर कर चढला. मग ती काँग्रेस कुटं गेली?"

"प्रकरण कोर्टात जाईल. जातंच."

"कोर्ट उठंपतोर माझी दोन मशीनं ताडपत्री घालून झाकलीत, मॅडम. तुमी काँग्रेसचं बोला. ती कुटं हाय?"

काँग्रेस कुठे असते ते मला चांगलं ठाऊक आहे. काँग्रेस घरी असते. कुणी रजिस्टर घेऊन दारात आलं की ओले हात पुसते आणि सही करते. पण हे दिलीपला फोनवर सांगायचं म्हणजे माझंच पितळ उघडं पाडून घेणं होतं. बघू, वाट बघ, असं काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला.

तरुणपणी मला त्या अमेरिकन घटनेचं फार कौतुक होतं. लिहिणारी माणसं बेरकी. माणूस चांगला असतो यावर त्यांनी काडीचा विश्वास ठेवला नाही. सत्ता तीन ठिकाणी वाटली: कायदे करणारी काँग्रेस, ते राबवणारा अध्यक्ष आणि दोघांचं चुकलं तर कान धरणारं न्यायालय. अध्यक्षानं कायदा अडवला तर काँग्रेसनं दोन तृतीयांश मतांनी तो त्याच्या डोक्यावरून न्यावा. अध्यक्ष माजला तर एका सभागृहानं आरोप ठेवावेत, दुसऱ्यानं त्याला घरी पाठवावं. न्यायाधीश अध्यक्षानं सुचवावा, पण सिनेटनं मान डोलावल्याशिवाय त्यानं खुर्चीला हात लावू नये. प्रत्येकाला आपापल्या खुर्चीचा लोभ असणारच, तेव्हा एकाचा लोभ दुसऱ्याच्या लोभाला आवर घालील, असं हे गणित. आपल्याकडे भावकीत एकानं बांध रेटला की दुसरा कुदळ घेऊन उभा राहतो, तसंच. अशा भांडणावर लोकशाही टिकते असं मी वर्गात सांगायची आणि सांगताना माझा आवाज चढायचा.

लोभी माणूस भित्राही असतो, एवढंच त्या शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही. स्वतःचा बांध स्वतःच उकरून धाकट्या भावानं थोरल्याला द्यावा आणि वर त्याच्याच गाडीतून मिरवावं, हे त्यांना सुचलंच नाही. युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिनं एकदाही रीतसर युद्ध पुकारलेलं नाही, आणि त्यानंतर अमेरिकेची फौज कुठे कुठे जाऊन आली हे दाखवायला आमच्या वर्गातला नकाशा पुरत नसे. महाभियोगाची तलवार भिंतीवर टांगून ठेवली आहे. तिनं आजवर एकही अध्यक्ष पदावरून उतरवलेला नाही. सिनेटर मंडळी कॅमेऱ्यापुढे येऊन 'मला चिंता वाटते' म्हणतात आणि आत जाऊन हवं तिथं मत देतात. अध्यक्ष आपल्या पक्षाचा असला की घटना रबरासारखी ताणते, दुसऱ्याचा असला की ती देव्हाऱ्यात जाते. यात एक पक्ष धुतल्या तांदळाचा आणि दुसरा नाही, असंही नाही.

लोकांवरचा भरवसा तर त्या घटनेत मुळातच बेताचा. देशभर कमी मतं मिळवलेला माणूस अध्यक्ष होऊ शकतो, झालेला आहे. मूठभर वस्तीच्या राज्याला दोन सिनेटर आणि कोट्यवधींच्या राज्यालाही दोनच. नऊ न्यायाधीश तहहयात. लोकांनी त्यांना निवडलेलं नाही, लोकांना त्यांना काढता येत नाही. काळ्या मुलांसाठी गोऱ्यांच्या शाळांची दारं याच न्यायालयानं उघडली, आणि त्याआधी पन्नासेक वर्षं ती दारं लावून घ्यायला मुभाही यानंच दिली होती. 'तिन्ही शाखा लोकशाहीला पोषक आहेत की मारक?' हा आमचा ठरलेला वीस गुणांचा प्रश्न. गाईडमध्ये उत्तर असे, 'काही अंशी पोषक, काही अंशी मारक.' पोरं ते पाठ करत, आम्ही त्यावर बरोबरची खूण करत असू, आणि दोन्ही बाजूंना आपण काहीतरी शिकलो-शिकवलं असं वाटे.

दिलीपच्या फोननं मला एक जुना उन्हाळा आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेलेलाच नव्हता.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात शालन शिपाई होती. तिशी ओलांडलेली, नवरा फौजेत, घरी सासू-सासरे आणि दोन म्हशी. धारा काढून, डबे करून साडेसातला कॉलेजात हजर, आणि घंटेचा टोला कधी अर्ध्या मिनिटानं चुकला नाही. बाहेरून परीक्षा देत देत ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत आली होती. संस्थेत लेखनिकाची एक जागा निघणार होती. आतला माणूस पदवीधर असेल तर जागा आधी त्याला, असा संस्थेचाच नियम. शालनचे सगळे विषय सुटले होते. राहिला होता माझा, तुलनात्मक शासनपद्धती. तो सुटला की घंटेखालून उठून ती टेबलामागे बसणार होती. टेबल कुठलं हेसुद्धा तिनं हेरून ठेवलं होतं, खिडकीजवळचं.

मार्चमधल्या एका दुपारी मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. शालन दारात उभी राहिली. हातात गाईड, पानात बोट.

"मॅडम, जेवा जेवा. एकच विचारती. ह्ये नियंत्रण आन् संतुलन म्हंजी काय असतंय वो? पाठ हाय, पर समजंना झालंय."

मी घास गिळत सांगितलं. अध्यक्ष असतो, त्याच्यावर काँग्रेसची नजर असते, काँग्रेसच्या मंजुरीशिवाय त्याला मनमानी करता येत नाही, कुणी चुकलंच तर न्यायालय असतं. तिनं सगळं ऐकलं, मान हलवली.

"म्हंजी आपल्या संस्थेसारखंच व्हय? आपलं अध्यक्ष, आन् आपलं अकरा सभासदांचं मंडळ?"

माझ्या ताटलीत लिंबाचं लोणचं होतं आणि तास पाच मिनिटांवर आला होता. "हो, तसंच समज," मी म्हणाले.

एकतीस वर्षांत वर्गात हजारो वाक्यं बोलले असेन. एकही कुणाच्या लक्षात राहिल्याचं ऐकिवात नाही. नेमकं हे राहिलं.

आता आमच्या संस्थेचं मंडळ कसं होतं ते सांगायला हवं. अध्यक्ष एक, सभासद अकरा. त्यात एक शिक्षकांचा प्रतिनिधी, म्हणजे मी. निवडून आले होते. दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता. दर महिन्याला सभा व्हावी असा नियम, आणि सभा दर महिन्याला होतही असे, फक्त भरत नसे. अध्यक्ष ठराव सांगत, कार्यालयात ते रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरवले जात. खाली सूचक अमुक, अनुमोदक तमुक, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. चर्चा झाली, आभार मानले, चहापानानंतर सभा संपली, हेसुद्धा लिहिलेलं असे. मग रविवारी शालन ते रजिस्टर कापडी पिशवीत घालून घरोघरी फिरे. कुणी रानात असे, कुणी लग्नाला निघालेलं असे, कुणी दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर येई. ज्याच्या त्याच्या नावापुढे शालननं पेन्सिलीनं बारीक फुली केलेली असे, म्हणजे शोधायचे कष्ट नकोत. सिलिंडर घरपोच येतो तशी आमची सभा घरपोच यायची.

मीही सही करत असे. हे लिहिताना मान खाली घालायला हवी, पण त्या वेळी घातली नव्हती. एकदोनदा वाटलं होतं की निदान चाळावं. मग वाटलं, बाकीच्या दहांनी केल्यात, आपण एकट्यानं काय झेंडा लावायचा? शिवाय अध्यक्ष भेटले की 'आमच्या मॅडम' म्हणत, आणि मला ते आवडायचं.

एप्रिलमध्ये सांगलीला विश्रामबागेत उत्तरपत्रिका तपासणीचं केंद्र लागलं. कराडच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरायची, खिडकीशी बसायचं. तोडणी संपलेल्या उसाच्या रानातून पाचट जाळल्याचा वास यायचा. सांगली जवळ आली की हळदीचा वास, तो नाकात नाही, घशात बसतो. विश्रामबागेच्या चौकात उतरलं की कुपवाडकडे जाणाऱ्या मोटारसायकलींची रांग, प्रत्येकीच्या हँडलला जेवणाचा डबा. आम्ही विद्वान मंडळी त्या रांगेला छेद देत रस्ता ओलांडून हॉलमध्ये जायचो आणि पंख्याखालची जागा पकडण्यासाठी लहान पोरांसारखी पळायचो. प्राध्यापकांची खरी विद्वत्ता बघायची तर ती पंख्याखालच्या खुर्चीसाठी बघावी.

गठ्ठे सुतळीनं बांधलेले. सुतळी सोडली की कागदांचा कोमट वास. पानं उडू नयेत म्हणून कुणी डस्टर ठेवी, कुणी पाण्याची बाटली. अकराला चहा, एकला जेवण, चारला भडंग. मधल्या वेळात अमेरिकेची राज्यघटना शंभर वेळा वाचायची, शंभर वेळा एकच. 'काही अंशी पोषक, काही अंशी मारक.' एकानं 'मारक'च्या जागी 'तारक' लिहिलं होतं, पण बाकी सगळं बरोबर, म्हणून त्यालाही मार्क.

आमचे नियामक होते चौगुले सर. आम्ही तपासलेल्यातले काही पेपर पुन्हा बघून मार्कांत फेरफार करायचा अधिकार त्यांचा. माणूस मिठ्ठास, सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातला, डब्यात रोज सगळ्यांसाठी म्हणून बेदाणा आणायचा. मात्र आदर्श उत्तराचा कागद त्यांना पोथीपेक्षा प्रिय. त्या कागदात जे नाही ते जगात नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाहेरून बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांचा गठ्ठा माझ्याकडे आला. असे गठ्ठे मोजकेच, तपासणारेही आम्ही पाचसहाजण, तेव्हा ओळखीचा पेपर हाती लागणं फार नवलाचं नव्हतं. वर नाव नसतं, नुसता आकडा असतो. प्रश्न होता, 'अमेरिकेत काँग्रेस अध्यक्षांवर कसे नियंत्रण ठेवते ते स्पष्ट करा.' उत्तर गोल, ठळक, घाई नसलेल्या अक्षरात होतं.

'अमेरिकेत अध्यक्षांवर काँग्रेसचे नियंत्रण असते. काँग्रेसमध्ये अकरा सभासद असतात. सभा दर महिन्याला होते पण भरत नाही. अध्यक्ष ठराव सांगतात ते रजिस्टरमध्ये लिहिले जातात. शिपाई रजिस्टर घेऊन सभासदांच्या घरी जातो. रविवारी सर्वजण घरी सापडतात. कोणी जेवत असतात तर कोणी जनावरांना पाणी दाखवत असतात. सभासद ठराव वाचत नाहीत. एक मॅडम सभासद आहेत, त्या उच्चशिक्षित आहेत. त्या पण वाचत नाहीत, परंतु शिपायाला पाणी देतात. कोणाचे चुकल्यास चौकशी समिती असते, तिची नेमणूक अध्यक्ष करतात. अशा रीतीने सर्व ठराव सर्वानुमते मंजूर होतात व अध्यक्षांवर नियंत्रण राहते.'

पहिल्यांदा वाचून मी हसले. दुसऱ्यांदा वाचताना शिपायाला पाणी देणाऱ्या मॅडमच्या वाक्याशी आले आणि माझे कान तापले. तिनं टोमणा मारला नव्हता, हे सगळ्यात वाईट. टोमणा असता तर उलटून राग तरी आला असता. तिनं प्रामाणिकपणे अमेरिकेचं वर्णन केलं होतं, कारण मीच तिला 'तसंच' म्हणून सांगितलं होतं.

आणि वर्णन चूक होतं का? अकरा हा आकडा चूक, रजिस्टर चूक, जनावरं चूक. बाकी? अध्यक्ष काय म्हणतो ते आधी ठरतं आणि सभागृह मागाहून हात वर करतं, हे माझ्या गाईडवाल्या पोरांपैकी एकानंही लिहिलं नव्हतं. मीही कधी शिकवलं नव्हतं.

उरलेल्या उत्तरांची बेरीज केली. पास व्हायला सात गुण कमी पडत होते. बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि त्या उत्तराला सात दिले. औदार्य नव्हतं ते. चुकीचं शिकवल्याची भरपाई होती.

दुपारी चौगुले सरांनी फेरतपासणीसाठी माझ्या गठ्ठ्यातून पाच पेपर उचलले. त्यात तो निघाला. ते वाचायला लागले, आणि खुर्चीत मागे रेलून हसत सुटले.

"काय ओ मॅडम, हे काय! ऐका रे सगळे, अमेरिका ऐका!" असं म्हणून त्यांनी ते उत्तर पहिल्यापासून मोठ्यांदा वाचलं. हॉल हसला. जनावरांच्या वाक्याला जास्तच. पाण्याच्या वाक्याला कुणीतरी टाळी दिली.

"ही मॅडम कोण म्हणायची?" एकजण म्हणाला.

"असंल की कुणीतरी," चौगुले सर डोळे पुसत म्हणाले. "असल्या मॅडम प्रत्येक संस्थेत एक असतीया."

मीही हसले. माझ्या आयुष्यात मी बरीच हलकी कामं केली असतील, पण त्या हसण्याइतकं हलकं काम दुसरं आठवत नाही.

"पण सात कसे दिलात ओ?" त्यांनी विचारलं. "प्रश्न अमेरिकेचा, उत्तर कुठल्या तरी संस्थेचं. आदर्श उत्तरात एक तरी मुद्दा बसतोय का बघा. मी एक ठेवतो. 'काँग्रेसचे नियंत्रण असते' हे एक वाक्य बरोबर हाय म्हणून. सहा उडवतो."

तेव्हा बोलायला हवं होतं. सर, या बाईनं जे लिहिलंय ते समजून लिहिलंय. सर, चूक माझी आहे, मी तिला असं सांगितलं. सर, ती मॅडम मी आहे. यातलं शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं, आणि पहिली दोन बोलले तर तिसरं आपोआप आलं असतं. म्हणून मी एवढंच म्हणाले, "सर, सहा म्हणजे जरा जास्तच होतात. नापास होईल बिचारं."

"होऊ दे की. पुढच्या खेपेला वाचून बसंल."

फेरफार केला की मूळ परीक्षकाची संमती लागते. त्यांनी सातवर रेघ मारली, बाजूला एक लिहिला आणि पेपर माझ्याकडे सरकवला. "इथं सही करा, मॅडम."

सही नाकारायची सोय होती. मग पेपर तिसऱ्याकडे गेला असता, कारण लेखी द्यावं लागलं असतं, चर्चा झाली असती. म्हणजे ज्याला मी वर्गात नियंत्रण आणि संतुलन म्हणत आले, ती सोय चार ओळींच्या नियमात त्या टेबलावर माझ्यासाठी ठेवलेली होती. घटनाकारांनी यापेक्षा जास्त काय करायचं? दार करून ठेवतात ते. त्यातून जायचं ते माणसानं. मी सही केली आणि भडंगाला हात घातला.

तेव्हापासून त्या सिनेटरांना शिव्या देताना माझी जीभ जरा अडखळते. अडखळते म्हणजे थांबत नाही. त्यांना मोठाले पगार आहेत, मागे-पुढे गाड्या आहेत, एक नकार दिला तर फार तर पुढची निवडणूक जाईल. माझं तर तेवढंही जाणार नव्हतं. जाणार होतं ते 'आमच्या मॅडम' हे दोन शब्द आणि हॉलमधली थोडी अब्रू. एवढ्यासाठी मी विकले गेले, म्हणजे माझा भाव त्यांच्याहून कमीच. त्यांचा तिरस्कार करायचा मला हक्क आहे की नाही, ते जाणकारांनी ठरवावं. मी तो करतेच.

आणि हेही खरं की तिकडे अधूनमधून कुणीतरी अडतं. एखाद्या खालच्या कोर्टातला न्यायाधीश अध्यक्षाचा आदेश वाचतो, चष्मा काढून पुसतो आणि म्हणतो, हे चालायचं नाही. एखादा निवडणूक अधिकारी स्वतःच्याच पक्षाच्या माणसाला सांगतो, मतं मोजली तेवढीच आहेत. लोकशाही टिकली तर अशा चार हट्टी माणसांमुळे टिकते. तिन्ही शाखा म्हणजे त्या माणसांना उभं राहायला केलेल्या जागा. जागा रिकामी असली की तिथं कुत्रंसुद्धा येऊन बसतं. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. आदर्श उत्तरात बसलं नसतं.

शालन पुढच्या परीक्षेला पास झाली, हेही सांगून टाकते. त्या खेपेला तिनं अकरा सभासदांचं नाव काढलं नाही. 'काही अंशी पोषक, काही अंशी मारक' असं शब्दशः लिहिलं असणार, कारण त्या विषयात तिला पहिल्या वर्गाचे मार्क पडले. खरं लिहिलं तेव्हा एक, पाठ केलं तेव्हा पहिला वर्ग. आमच्या शिक्षणपद्धतीबद्दल याहून जास्त बोलायची मला गरज वाटत नाही.

पण ते पुढचं. आधी त्या मे महिन्यातला शेवटचा रविवार आला.

निकाल गुरुवारी लागला होता. शालन नापास झाल्याचं मला शुक्रवारी कॉलेजात कळलं. मी तिच्यासमोर जायचं टाळलं. दोन तास ग्रंथालयात जाऊन बसले. रविवारी बाराच्या सुमाराला मी गच्चीवरून साबुदाण्याच्या पापड्या उलटून खाली आले तेव्हा ती दारात उभी होती. डोक्याला स्कार्फ बांधलेला, चेहरा उन्हानं लाल, हातात कापडी पिशवी.

"मॅडम, सही."

तिनं नेहमीप्रमाणे सह्यांचं पान उघडून दिलं. माझ्या नावापुढे फुली होती. मी पेन घेतलं, आणि तिचं उत्तर आठवलं. निदान आज वाचावं म्हणून दोन पानं मागे उलटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सातवा ठराव लेखनिकाच्या जागेचा होता. 'अंतर्गत पात्र पदवीधर उमेदवार उपलब्ध नसल्याने' ती जागा बाहेरून भरण्यात येत आहे, आणि खाली ज्याचं नाव होतं तो अध्यक्षांचा भाचा. सूचक कुणी एक. अनुमोदक म्हणून माझं नाव लिहिलेलं. आडनावासकट, 'प्रा.' लावून, सुवाच्य अक्षरात. ठराव सर्वानुमते मंजूर.

मी वर बघितलं. ती पायरीवरच्या चपलांकडे बघत होती.

"शालन, हे तू वाचलंस?"

"वाचलं की. वाटंत लिंबाखाली बसून वाचलं. मी आधीपासनंच सगळं वाचती, मॅडम."

"म्हणजे तुला माहितीय, ही जागा..."

"व्हय."

मला सांगायचं होतं की तुझा पेपर मी तपासला. तुझे सहा गुण माझ्या सहीनं गेले. ते राहिले असते तर या ठरावातलं पहिलं वाक्यच लिहिता आलं नसतं. त्याऐवजी मी जे विचारलं ते आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. मी तिलाच विचारलं, "मी सही केली नाही तर?"

तिनं थोडा विचार केला. खरोखर केला, हिशोबी माणूस करतं तसा.

"धा जणांच्या झाल्यात," ती म्हणाली. "तुमची न्हाई झाली तर अध्यक्षसाहेब म्हणणार, जा, परत जाऊन घिऊन ये. मग तेवढ्यापायी मलाच पुन्हा यायला लागंल. लय ऊन हाय, मॅडम. करा की."

मी अनुमोदकाच्या नावापुढे सही केली.